चिंकारा वाळूवर चिकटवल्यासारखा दिसतो. नेमकं काय चुकतंय?

ओंजळ

चार वर्षं जलरंगात काम करतेय. झाडं, दगड, पाणी बऱ्यापैकी जमतं. गेले दोन महिने वाळवंट आणि तिथले प्राणी हा एकच विषय धरलाय. अकरा चित्रं झाली आणि अकराही एकाच जागी फसली.

चित्र असं: खालच्या दोन तृतीयांश भागात वाळू, यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगाचा सपाट वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर). वर फिकट निळं आकाश. मधोमध चिंकारा, मान वळवून बघणारा. प्राणी वेगळा झाकून पाहिला तर चांगला उतरलाय, शिंगांवरची वळीसुद्धा नीट आली आहेत. पण दोन पावलं मागे गेलं की तो वाळूत उभा आहे असं वाटतच नाही. कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. वाळूही वाळू वाटत नाही, पिवळा कागद वाटतो. सावलीसाठी ऑकरमध्येच थोडा काळा मिसळते, तर ती जागा शेवाळल्यासारखी होते.

संदर्भाला फोटो आहेत, सगळे भरदुपारचे. रंग बदलू, कागद बदलू, की प्राणी आधी रंगवून वाळू नंतर करू?

जास्वंद

काळा आधी पॅलेटवरून काढा. ऑकर आणि काळा एकत्र आले की हिरवट झाक येतेच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून पाहा. निळा जास्त घातला की थंड राखाडी, सिएना जास्त घातला की उबदार. वाळूच्या सगळ्या सावल्या या दोन रंगांत निघतात. बाकीचं जाणकार सांगतील.

पाऊलवाट

कागद तोच राहू द्या. क्रमही बदलू नका. मी बरीच वर्षं वाळवंटच रंगवतेय आणि तुम्ही सांगताय ती अडचण मला फार जवळची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नातले दोनच शब्द मला खटकले: ‘फिकट निळं’. आकाश सगळ्यांत उजळ, जमीन त्याहून गडद, हे आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की विचार न करता आपण तसं करतो. हिरव्या माळावर ते बरोबरही असतं. पण उन्हातली वाळू बर्फासारखी वागते. सूर्य पाठीशी असेल तर समोरची वाळू वरच्या निळ्या आकाशापेक्षा उजळ असते. तुमचाच एखादा फोटो काळा-पांढरा करून बघा. आकाश राखाडी होईल आणि वाळू जवळजवळ कागदासारखी. म्हणजे आकाश आणखी दोन पायऱ्या गडद करायचं आणि वाळूला इतका पातळ वॉश द्यायचा की ओला असताना ‘हे फारच फिकं झालं’ असं वाटलं पाहिजे. वाळूचं ऊन कागदाच्या पांढऱ्यातून येतं, रंगातून येत नाही.

आता प्राण्याकडे येते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला खात्री आहे: चिंकाऱ्याचं पोट पांढरं म्हणून तिथे कोरा कागद सोडलाय आणि पाठ तपकिरी म्हणून तिथे दाट रंग लावलाय. चिकटवल्यासारखं दिसतं ते यानेच.

हे मला कळलं ती सकाळ सांगते. सातचा सुमार, वाळूच्या एका लांब उतारावर बसले होते, कागद मांडीवर. ब्रश धुवायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. हात वाळूपासून वीतभर वर होता, ऊन डावीकडून तिरपं. हाताच्या वरच्या बाजूला आकाशाची थंडाई आली होती आणि तळव्याकडची बाजू, जिथे काळोख असायला हवा, ती आतून दिवा लावल्यासारखी नारिंगी. वाळूवरून उसळलेला उजेड होता तो. मग हाताच्या सावलीत एक कोरा कागद सरकवला. कागद स्पष्ट निळा दिसला. त्या सावलीला थेट ऊन नव्हतं, तिला उजेड आकाशाचा होता. त्या दिवशी चित्र काढलंच नाही. तासभर फक्त हात वरखाली करून कुठे कुठला उजेड पोचतो ते बघत होते.

चिंकाऱ्याचं पोट म्हणजे तो तळवा. ऊन डोक्यावर असताना ते सावलीत असतं, त्यामुळे रंगाने पांढरं असूनही उन्हातल्या तपकिरी पाठीपेक्षा बहुतेक वेळा गडदच असतं. पण ती सावली मेलेली नसते. वाळूचा उजेड खालून येऊन तिला उबदार करतो. पोटाला पातळ बर्न्ट सिएना द्या आणि अगदी खालच्या कडेला नेपल्स यलोचा स्पर्श. पाठीचा रंग उलट हलका करा, कण्यावर तर जवळजवळ वाळूइतका. आकाशाचा थोडा निळा तिथे लागला तर उत्तमच.

इथे एक गंमत वाटते ती सांगायलाच हवी. वर गडद आणि खाली फिकट ही अंगावरची रंगसंगती प्राण्याला कसं लपवते, हे १८९६ मध्ये नीट मांडून दाखवलं ते अ‍ॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने. ऊन वरून पडतं, ते पाठ उजळवतं आणि पोट सावलीत टाकतं. अंगाचा रंग नेमका उलटा असतो. दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गोलाई नाहीशी होते. उजेड-सावलीने गोलाई आणण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यालाच ती पुसली जातेय हे दिसलं. पुढे त्याने हा विचार फारच ताणला, फ्लेमिंगो सूर्यास्ताच्या आकाशात लपावेत म्हणून गुलाबी असतात इथपर्यंत गेला आणि त्यावर टीकाही झाली. मूळ निरीक्षण मात्र टिकलं. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की वाळवंटातला प्राणी निसर्गतःच सपाट दिसायला बनलाय. फोटोत तो सपाटच येणार आणि फोटोवरून तसाच उतरवला तर कात्रीने कापल्यासारखाच दिसणार.

म्हणून कडा हरवू द्या. पाठीचा टोन (म्हणजे रंग किती उजळ, किती गडद) आणि मागच्या वाळूचा टोन जुळतो तिथे रेघ तुटली तरी चालेल, बघणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो. धारदार कडा तीन ठिकाणी पुरेत: डोळा, शिंगांचं मूळ, आणि खूर वाळूला टेकतो ती जागा. खूर टेकतो तिथे मऊ वाळू बाजूला सरून बारीक कड उभी राहते, तिलाही स्वतःची सावली असते. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या गडद ठिपक्यांनी प्राण्याला वजन येतं. चिंकारा खांद्याशी साधारण ६५ सेंटीमीटर उंच, हे विसरून आपण त्याला मोठ्या हरणाएवढा करतो आणि मागची टेकडी बापडी ढिगाऱ्याएवढी होते.

टेकडीबद्दल थोडंसंच. वारा लागतो तो उतार लांब आणि सौम्य असतो. पलीकडची घसरती बाजू साधारण ३३ अंशांवर थांबते. त्याहून उभी केली तर वाळू टिकत नाही, ओघळते. सवयीने आपण डोंगरासारखे ६० अंश काढतो. कोनमापक घेऊन एकदा तपासा.

यलो ऑकर मात्र टाकू नका. त्याचा पिवळा रंग लोहाच्या संयुगातून येतो. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाची वाळू तांबडी दिसते तीही कणांवरच्या लोहाच्या ऑक्साइडच्या लेपामुळेच. आणि रॉ सिएना हा मातीचा रंग भाजला की बर्न्ट सिएना होतो. तुमच्या पॅलेटवर वाळवंटाची माती आधीपासूनच आहे.

क्षितिज

पाऊलवाट, तळव्याचं वर्णन वाचून उठलो आणि टेबलावर पिवळा कागद ठेवून दिव्याखाली हात धरला. दिसतं!

ओंजळ, फक्त भरदुपारचे फोटो वापरताय त्याबद्दल. दुपारी वाळूवरच्या लाटा जवळजवळ मिटतात. तिरप्या उन्हात त्याच लाटा रेघ न् रेघ दिसतात आणि प्राण्याची सावली त्यांवरून वळत जाते. तशी लांब, वळलेली सावली प्राण्याला जमिनीशी बांधते. म्हणून सकाळचे संदर्भ मिळवा.

अल्बर्ट नमतजिरा (१९०२–१९५९) यांची जलरंगातली चित्रं जरूर बघा. मध्य ऑस्ट्रेलियातले अरेरन्ते समाजाचे चित्रकार. वाळवंटी डोंगरांच्या सावल्या त्यांनी निळ्या-जांभळ्या ठेवल्या आहेत, तरी ऊन तापलेलंच वाटतं.

आणि प्रत्यक्ष उन्हात बसून रंगवणार असाल तर कागद सावलीत धरा. उन्हातला कागद इतका चकाकतो की आपण सगळं गडद लावत जातो, घरात आणलं की चित्र काळवंडलेलं निघतं. रंगीत काचांचा चष्माही काढून ठेवा. कोरड्या हवेत वॉश मध्येच वाळून डाग पडतो, त्यासाठी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ओल्या फळीवर चिकटवा.

पाऊलवाट

एका मुद्द्यावर असहमत. दुपार सोडू नये. मिटलेल्या लाटा, आखूड सावली, सगळं पांढरं पडलेलं, हेही वाळवंटच आहे. सकाळची सोनेरी वाळू सगळेच रंगवतात. आधी दुपारची वाळू टोनवर पेलता आली की सकाळ सोपी जाते.

ओंजळ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पोटाबद्दल अगदी बरोबर ओळखलंत, कोरा कागदच सोडला होता. अकराही चित्रांत.

काल बारावं केलं. फोटो काळा-पांढरा केला आणि खरंच आकाश गडद निघालं. आधी छोटं रेखाटन, तीनच टोन. मग आकाशाला अल्ट्रामरीनचा भरपूर वॉश, वाळूला नुसता रंगाचा भास. पोटाला सिएना लावताना हात थरथरला, पांढऱ्या जागी तपकिरी लावणं मनाला पटत नव्हतं. वाळल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वळून पाहिलं. पोट पांढरंच दिसत होतं! आणि तो उभा होता. चारही पायांवर.

एक अडलंय. नवा फोटो सकाळचा आहे, ऊन प्राण्याच्या मागून येतंय. कान फार गडद होतायत.

पाऊलवाट

मागून ऊन असेल तर कानातून उजेड आरपार येतो. कातडी पातळ, आत रक्त. कान आधी स्वच्छ पाण्याने भिजवा, बर्न्ट सिएनात किंचित लाल मिसळून मधोमध एकच थेंब सोडा आणि पसरू द्या. कडेला केसांची उजळ रेघ कोरी ठेवा. वाळल्यावरच कानाच्या मुळाशी गडद लावा. तेरावं झालं की इथे टाका, मला बघायचंय.