संत्र्याच्या व्हिनेगरसाठी यीस्ट कोणतं घ्यावं? तेच पुन्हा वापरता येईल का? (मदत हवी आहे)

बागायतदार_वरुड:

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. व्यापारी मोठं फळ उचलून नेतो आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, बागेतच पडून राहते. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तर मालाला उठावच कमी झाला. या चुरीचं व्हिनेगर करायचं मनावर घेतलं आहे. विक्रीपर्यंत गोष्ट गेली तर परवान्याचं आधी विचारून घेईन, दारूशी मला घेणंदेणं नाही. पण व्हिनेगरची वाट तिथूनच जाते. आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, मग ॲसिटिक ॲसिडचे जिवाणू हवा घेऊन त्याचं आम्ल करतात. दुसरा टप्पा जमतो, घोडं अडतं ते पहिल्यात.

रस काढताना साल पूर्ण सोलतो, कारण सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते यीस्टला मारक आहे. बी चिरडू देत नाही, नाहीतर रस मागाहून कडू होतो. साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रस १० ब्रिक्सच्या (शंभर ग्रॅम रसात साधारण १० ग्रॅम साखर) आसपास भरतो. गूळ घालून तो १३ पर्यंत नेतो. साखरेच्या वजनाच्या निम्मंच अल्कोहोल होतं, आणि व्हिनेगर म्हणून विकायचं तर निदान ३.७५ टक्के ॲसिटिक ॲसिड लागतं. दोन्ही टप्प्यांत थोडीफार घट धरली तर नुसत्या रसावर ते काठावर येतं.

यीस्ट म्हणाल तर तालुक्याला मिळतं ते बेकरीचं ड्राय यीस्ट. कोमट पाण्यात फुलवून टाकतो, दुसऱ्या दिवशी डबा छान फसफसतो. पण ते तळाशी बसतच नाही. कॅन जरा हलवला की सगळं पुन्हा गढूळ. आणि मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं, तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा ३५ च्या वर असतो. त्या दिवसांत रसाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या रसाला हा वास कधीच नसतो.

इथे घरी बिअर करणारी मंडळी आहेत म्हणून विचारतो. वाईनचं यीस्ट मागवू की बिअरचं? ५ ग्रॅमची पुडी २०-२५ लिटरला पुरते म्हणतात, दर खेपेला कुरिअरनं मागवणं परवडणार नाही. आई विरजण राखते तसा तळाचा साका राखता येईल का? फ्रिज आहे, पण लोडशेडिंगमुळे त्याचा भरवसा नाही.

यवतमाळी:

भाऊ, मी सध्या परदेशात आहे, इथे घरी बिअर करायला मुभा आहे. तुमच्या उन्हाळ्यासाठी माझं मत सरळ आहे, क्वाइक घ्या. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी पिढ्यानपिढ्या जपलेलं हे बिअरचं यीस्ट. बाकीची बरीचशी बिअर यीस्टं २०-२२ अंशांवर किंवा त्याहून गारव्यात खूश असतात, हे ३५ ते ४० अंशांवर जोमानं काम करतं. त्यातलं ‘वॉस’ कोरड्या पुडीत मिळतं. शिवाय ते तळाशी चांगलं बसतं. वाईनचं ईसी-१११८ ही उत्तम आहे, पण त्याची मर्यादा ३० अंश. ते आंबिया बहाराला ठेवा.

लोडशेडिंगचं उत्तरही क्वाइकमध्येच आहे. नॉर्वेचे लोक ते लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे. तुम्ही साका बटर पेपरवर अगदी पातळ पसरा, वर स्वच्छ मलमल टाका आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात नको. कडक पापड्या झाल्या की चुरून हवाबंद बरणीत भरा.

वाळवण्याआधी साका धुवून घ्या. उकळून गार केलेलं पाणी घालून बरणी हलवा आणि थोडा वेळ ठेवा. संत्र्याचा जड चोथा आधी खाली बसतो, वर दुधासारखं पांढरट पाणी राहतं. यीस्ट त्या पाण्यात असतं. ते दुसऱ्या बरणीत ओता, चोथा खताला टाका. बरणी, चमचा, फडकं सगळं उकळून घेतलेलं हवं.

प्रयोगशाळेतली_ताई:

वरच्या सल्ल्यात एक भर, आणि माझ्या मते तीच कळीची. साका काढायचा तो फेस थांबल्याबरोबर, रसाला मोकळी हवा लागण्याआधी. एकदा व्हिनेगरची साय धरली की त्या भांड्यातलं यीस्ट पुढच्या खेपेला वापरू नका. त्यात ॲसिटिकचे जिवाणू आलेले असतात, ते नवा रस अर्धवट असतानाच आंबट करतात आणि आम्लानं यीस्ट दबतं. दोन्ही टप्प्यांची भांडी, नळ्या, फडकी वेगळी ठेवा. जमल्यास खोलीही वेगळी.

अंड्याच्या वासाचं कारण म्हणजे यीस्टची उपासमार. फळांच्या रसात नायट्रोजन कमी असतो, गुळानं साखर वाढते पण नायट्रोजन फारसा वाढत नाही. त्यात उष्णता आली की यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं. क्वाइक तर जास्तच खादाड. उपाय तुमच्या घरातच आहे, तुमचं बेकरीचं यीस्ट. थोडं पाण्यात चांगलं उकळा, गार झालं की रसात घाला. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टचं खाद्य होतं. आणि हे कळकळीनं सांगते, नायट्रोजनसाठी कोणी डीएपी घालायला सांगितलं तर गोदामातलं खत वापरू नका. त्यासाठी खाण्याच्या दर्जाचं वेगळं मिळतं.

पुन्हा वापराचं म्हणाल तर मूळ पुडीतलं थोडं यीस्ट कोरडंच बाजूला ठेवा. साक्यावर चार-पाच खेपा काढा. वास किंवा फसफस बदलली तर त्याआधीच थांबा आणि पुडीवर परत या.

बागायतदार_वरुड:

ताई, भाऊ, मनापासून आभार. भांडी वेगळी ठेवायचं कुणीच सांगितलं नव्हतं, आमच्याकडे दोन्ही टप्पे एकाच खोलीत शेजारी-शेजारी आहेत. व्हिनेगरचे माठ आता गोठ्यालगतच्या खोलीत हलवतो. वॉसची पुडी मागवतो. एक शंका राहिली: वाळवलेलं यीस्ट मे महिन्यात ४५ अंशांत बरणीत टिकेल, की पिण्याच्या पाण्याच्या माठाच्या गारव्याला ठेवू?

यवतमाळी:

पाण्याच्या माठाजवळ ठेवा, पण बरणीच्या आत ओल जाऊ देऊ नका. झाकणाला मेण लावा. वीज असेल तेव्हा फ्रिजमध्ये ठेवलेलं त्याहून बरं. आणि मृग बहाराच्या रसात टाकण्याआधी चमचाभर गुळाच्या कोमट पाण्यात टाकून फेस येतो का ते बघा. नाही आला तर रस वाया घालवू नका, नवी पुडी फोडा.