मॅमोग्रामचा रिपोर्ट आला आणि 'परत या' म्हणाले: तुमचे अनुभव

पाणपोई
काल दिवाळीची साफसफाई करताना कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक मोठं खाकी पाकीट खाली पडलं. फेब्रुवारी २०१९. आत फिल्मा आणि तीन पिना मारलेला रिपोर्ट. फडकं हातात घेऊन स्टुलावरच बसले.

तेव्हा मी ४६ ची. गाठबीठ काही लागत नव्हती, नवऱ्याच्या ऑफिसच्या चेकअपमध्ये मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्सरे, फुकट होता म्हणून केलेला. काउंटरवरच्या मुलीने पाकीट देताना "डॉक्टरांना दाखवून घ्या हं मॅडम" म्हटलं, आणि त्या 'हं'नेच पोटात गोळा आला. रिक्षा स्टँडवर उभ्या उभ्या नखाने पिना काढल्या. शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स ४ ए'. मला वाटलं चौथी स्टेज. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं "कुठे जायचं ताई", मला घराचा पत्ता आठवेना. मंडई म्हटलं. तिथे उतरून पाव किलो भेंडी घेतली, एकेकीचं शेपूट मोडून बघत, चांगली निवडून. का घेतली देव जाणे, घरात भेंडी होती.

चार दिवसांनी सर्जन बाईंनी सांगितलं, हा आकडा स्टेजचा नाहीच, संशय किती त्याचा आहे. शून्यापासून सहापर्यंत असतो. ४ ए म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता २ ते १० टक्के, "पण सुई घालून बघायचंच". मग बायोप्सी, मग सहा दिवस वाट. साधी फायब्रोअडेनोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ निघाली. मुलाची बारावी तोंडावर होती, म्हणून ते दहा दिवस धाकटी बहीण सोडून कुणाला कळू दिलं नाही.

लिहा तुमचं. रिपोर्ट ते निकाल या मधल्या दिवसांबद्दल जास्त.

चिंचगुळी
चार म्हणजे चौथी स्टेज, अगदी अगदी!! वर मी रात्री दीडला गूगल केलं. ती वेगळीच चूक.

उंबरठा
माझा शून्य होता. मी खूश, शून्य म्हणजे काहीच नाही! नवऱ्याला फोनसुद्धा केला. संध्याकाळी फॅमिली डॉक्टर म्हणाले, अहो शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, अजून फोटो लागतील. परत गेले, त्या एकाच जागी छोट्या प्लेटने दाबून फोटो, मग सोनोग्राफी. आतले पदर एकमेकांवर आल्यामुळे गाठीसारखं दिसत होतं म्हणे. विषय संपला. पण पैसे दोनदा.

तव्यावरची
छोटी प्लेट म्हणजे पुरीचं प्रेस, मोठी म्हणजे पापडाचं. आणि वर त्या म्हणतात श्वास रोखा. श्वास आहे कुठे रोखायला 😂

थेम्सकाठ
इकडे इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर दर ३ वर्षांनी पत्र येतं. माझं 'पुन्हा या'चं पत्र नेमकं शनिवारी आलं, फोन लागणार सोमवारी. पत्रकात होतं की शंभरात साधारण चौघींना परत बोलवतात आणि त्या चौघींतल्या तिघींचं काही निघत नाही. सोमवारपर्यंत मी ती चौथी होते.

माझे कॅल्सिफिकेशन होते, फोटोत मीठ सांडल्यासारखे कॅल्शियमचे ठिपके. हाताला लागत नाहीत, सोनोग्राफीतही नीट दिसत नाहीत, म्हणून मशीनमध्ये दाबून ठेवूनच सुईने तुकडे घेतात. दंडावर हात ठेवून उभी असलेली नर्स सगळा वेळ तिच्या कुत्र्याबद्दल बोलत होती. कुत्र्याचं नाव अजून लक्षात आहे. निकाल चांगला आला.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "तरी सांगत होते, कॅल्शियमच्या एवढ्या गोळ्या खाऊ नकोस."

काळा_एप्रन
थेम्सकाठ, आईंना सांगा, गोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. खात राहा.

मी मॅमो काढते, चौदा वर्षं झाली. घाईत लिहितेय, पेशंट बाहेर बसलेत. काखेत पावडर किंवा डिओ लावून येऊ नका, त्याचे कण फोटोत कॅल्सिफिकेशनसारखे दिसू शकतात, मग पुसून परत काढावं लागतं. पाळी अजून येत असेल तर ती सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात या, कमी दुखतं. आणि जुन्या फिल्मा आणा हो! पाच वर्षांपूर्वीही तो ठिपका तसाच होता हे दिसलं की बरेचदा पुढचं सगळं वाचतं. बायका मात्र नवऱ्याच्या गुडघ्याचे एक्सरे जपून ठेवतात आणि स्वतःची फिल्म रद्दीत.

अजून एक. आमच्या चेहऱ्यावरून निकाल लावू नका. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात. परवा एक बाई रडायलाच लागल्या, "तुम्ही असं का बघितलंत". अहो, मी डबा घरी विसरले होते.

पाणपोई
पाकीट परत वर ठेवलं. टाकणार होते.

बारा_गावचा
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? बायकोच्या पर्समध्ये पार्किंगची पावती शोधताना बायोप्सीची पावती हाती लागली. तारीख आठ दिवसांपूर्वीची. त्या दिवशी ती भिशीला गेली होती असं मला माहीत. दोन दिवस मीही काही बोललो नाही. ती लपवतेय, मी लपवतोय, आणि दोघं मिळून मालिका बघतोय. शेवटी आमटीत मीठ नाही यावरून भांडण झालं आणि त्यात सगळं निघालं. रिपोर्ट आणायला दोघं गेलो. साधी पाण्याची गाठ नव्हती, पण कॅन्सरही नव्हता.

चिंचगुळी
भिशी 🤣 आमच्याकडे 'पार्लरला जाते' चालतं.

नऊवारी
माझा निघाला. २०२१, वय ५३. रिपोर्ट ४ सी होता, म्हणजे संशय बराच, गाठ ११ मिलिमीटर, हाताला काही नाही. बायोप्सीच्या सुईचा 'खट्' असा आवाज येतो, गॅस लायटरसारखा. डॉक्टरांनी आधी हवेत एकदा वाजवून दाखवला, तरी पहिल्या खट्ला दचकलेच. भुलीचं इंजेक्शन टोचतं तेवढंच, पुढे नुसती ओढ जाणवते. तिळाएवढी क्लिप आत ठेवली, खूण म्हणून. विमानतळावर वाजत नाही, सगळे विचारतात.

मला कुणी न सांगितलेली गोष्ट अशी की कॅन्सर आहे हे कळल्यावर अजून एक वाट बघणं असतं. ईआर, पीआर, हर टू, म्हणजे कॅन्सर कोणत्या हार्मोनवर किंवा प्रथिनावर वाढतोय ते तपासायला तोच तुकडा पुन्हा जातो, आणि औषध कोणतं ते त्यावर ठरतं. पहिल्या निकालाला मी तयार होते, या दुसऱ्याला नव्हते. ऑपरेशन, १५ दिवस रेडिएशन, आता रोज एक गोळी. ठीक आहे मी. कुकरची शिट्टी झाली, जाते.

उंबरठा
नऊवारी 🙏 तब्येत सांभाळा.

रानमेवा
उलटंही सांगते. माझ्या मामीला गाठ हाताला लागत होती आणि मॅमोग्राम स्वच्छ. आतून दाट असलेल्या स्तनांत सगळंच पांढरं दिसतं, गाठही पांढरी. ती "नॉर्मल आलंय" म्हणून चार महिने बसली. सोनोग्राफीत दिसली. हाताला लागत असेल तर कागदावर विसंबू नका.

सुपारी
थोडं अवांतर. आईच्या वस्तीत टाटा हॉस्पिटलच्या बायका घरी यायच्या, हाताने तपासायच्या, दर दोन वर्षांनी. १९९८ ला मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेला तो अभ्यास होता, दीड लाख बायकांचा. २०२१ ला निकाल छापून आला, पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी. आई म्हणायची, "त्या आल्या की आधी चहा टाकायचा, मग ब्लाउज काढायचा."

जाईजुई
सगळं वाचलं. उद्या ११ ला माझी बायोप्सी आहे. डावीकडे. ४ बी. काय घालून जाऊ?

नऊवारी
पुढून बटणं असलेला टॉप. घट्ट बसणारी साधी ब्रा, नंतर दाब राहतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच फोन करून सांग. मला खाऊन यायला सांगितलं होतं, तुझ्याकडे विचारून घे. घरी आलीस की रुमालात गुंडाळून बर्फ, आणि त्या दिवशी पाण्याची बादली उचलायची नाही.

पाणपोई
जाईजुई, बरोबर कोण आहे? कोणत्या गावात आहेस?

जाईजुई
नाशिक. जाऊबाई येतायत. सासूबाईंना सांगितलंय चकलीचं भाजणीचं पीठ आणायला जातोय.

तव्यावरची
मग येताना पीठ खरंच आणा, नाहीतर पकडल्या जाल.

जाईजुई
झालं. तीन वेळा खट्. रिपोर्ट शुक्रवारी. पीठ आणलं. चकल्या जाऊबाई पाडतायत, मी खुर्चीत बसून मोजतेय. तुकडे पडतायत सारखे.

सुपारी
मोहन कमी झालंय की पीठ सैल?

जाईजुई
पीठ कोरडं वाटतंय.

पाणपोई
कोमट पाण्याचा हात लावून परत मळायला सांग त्यांना. तू उठू नकोस.