जुनी केस, पासपोर्ट आणि नोकरी

प्रश्न: मारामारीची 2013 ची केस, 2019 ला निर्दोष. पोलीस पडताळणीत अजून 'प्रलंबित' दिसतेय. काय करायचं?

उत्तर १: कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढा. अर्जावर केस नंबर आणि वर्ष नीट घाला, गाडं तिथंच अडतं. नक्कल पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. साधी झेरॉक्स चालत नाही.

उत्तर २: केस खरंच चालू असती तर कोर्टाची परवानगी लागली असती. आदेशात मुदत नसेल तर पासपोर्ट वर्षाचाच मिळतो.

उत्तर ३: भावा, सरकारी नोकरीच्या फॉर्मात 'कधी अटक?' विचारलं तर 'हो, निर्दोष' लिही. लपवलेलं जास्त नडतं. अमेरिकेचा व्हिसा फॉर्मही अटकेबद्दल विचारतो.