आयत्या वेळचे विषय

सेक्रेटरी (ए-102): सर्वांना नमस्कार. आज नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा झाली. आपल्या सोसायटीतर्फे माई बसून आल्या. माई, सावकाश लिहा. तोवर कोणी फुलं, सुविचार टाकू नयेत ही विनंती.

माई (बी-201): साडेअकराची सभा बारा दहाला सुरू झाली. गणपूर्तीसाठी दोन नगरसेवकांना फोन करून बोलावलं, त्यातला एक लग्नाच्या कपड्यांतच आला. अजेंड्यावर 23 विषय, शेवटचा नेहमीचा, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. मागे बाकडं होतं, त्यावर मी, एक वार्ताहर मुलगा आणि घरपट्टीच्या कामाला आलेले एक गृहस्थ. ते चुकून आत बसले होते.

वहिनी (ए-203): माई, आपल्यासारख्यांना आत सोडतात? मला वाटायचं पास लागतो.

नाना (ए-301): सोडतात. सभा लोकांसाठी खुली असते, 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातच आहे. फक्त बोलता येत नाही. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते आणि अजेंडा सात दिवस आधी निघतो. मी नोकरीत होतो तेव्हा सभेला माणसं यायची, खिडकीतून ऐकायची. मधली तीन-चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा सवय मोडली. मुख्याधिकारी तोच प्रशासक. ठराव मांडणारा तो, मंजूर करणाराही तोच. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा कुठे सभागृहाचं कुलूप निघालं.

ए-304: नाना, पाणी तुंबण्याचं काय झालं ते आधी कळू दे ना.

नाना (ए-301): मी तुझ्याशी बोलत नव्हतो रे.

माई (बी-201): सांगते क्रमाने. पहिले तीन विषय मी चष्मा पुसेपर्यंत संपले. मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम. जमाखर्च मंजूर. तिसरा कसला होता ते ऐकूच आलं नाही, पंखा आवाज करत होता. एकजण म्हणतो ‘सूचक’, दुसरा म्हणतो ‘अनुमोदक’, बाकीचे बाक वाजवतात.

मग आला विषय क्रमांक 4, किनाऱ्यावरच्या बाकांवर देणगीदाराचं नाव किती आकाराचं असावं. इथे पाऊण तास. सहा इंच की चार इंच. एक म्हणाले, बाक समुद्राकडे तोंड करून आहे, नाव पाठीवर टाकलं तर वाचणार कोण? दुसरे म्हणाले, बसणाऱ्याच्या पाठीखाली कोणाचं नाव असणं बरं दिसत नाही. शेवटी चार इंच, आणि पाठीमागच्या बाजूला. खारं वारं लागून वर्षात पुसलं जाणार ते निराळंच.

बी-302 (कुडाळवाले): माई, चाय गावली काय तुमका?

माई (बी-201): मिळाली. गोड होती.

वहिनी (ए-203): मासळी मार्केटचं निघालं का? ओटे फुटलेत, परवा कोळंबीवाली मावशी सांगत होती, पाणी सगळं तिच्या पायावर येतं.

माई (बी-201): निघालं, आणि तो विषय मात्र चांगला चालला. ओट्यांवर नवी कडाप्पा, पाणी जायला उतार, मागची गटारवाहिनी. प्रश्न एवढाच की काम करायचं केव्हा. अभियंता म्हणाले, मासेमारी बंदीच्या काळात करू, 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मार्केट तसंही अर्धं रिकामं असतं. तेव्हा एक बाई उभ्या राहिल्या, पहिल्यांदाच निवडून आल्यात, घरची मासेविक्री. म्हणाल्या, साहेब, बंदीत समुद्राची मासळी बंद, पण खाडीची येते, सुकी येते, आणि पावसात तुमचं सिमेंट धरणार कसं? छप्पर आधी गळतंय. आधी पत्रे बदला, मग ओटे करा. सगळे गप्प. मे महिन्यात पत्रे आणि बंदीच्या काळात ओटे, असं ठरलं. त्या बाईंनी बाक वाजवला नाही, वहीत लिहून घेतलं. मला आवडलं.

ए-304: घंटागाडी?

माई (बी-201): आपल्याकडे सकाळी साडेआठऐवजी सात वाजता येणार, पुढच्या सोमवारपासून. ओला, सुका वेगळा नसेल तर उचलणार नाहीत. सॅनिटरी पॅड, डायपर तिसऱ्या पिशवीत.

वहिनी (ए-203): हे दर वर्षी सांगतात. आम्ही वेगळा करतो, गाडीत सगळा एकत्रच पडतो.

बी-302 (कुडाळवाले): तसा नाय वहिनी. आमच्या वेंगुर्ल्यात जावन बघा. डंपिंग ग्राउंड व्हता थय लोक बघूक येतत आता. पण ह्या खरा, घरातसून वेगळा येयसर काय उपयोग नाय.

नाना (ए-301): घरपट्टीचं सांगा. दर चार वर्षांची, चतुर्थ वार्षिक आकारणी यंदा आहे.

माई (बी-201): आहे. नोटिसा पुढच्या महिन्यात वाटणार. वाढ किती ते सभागृहात कोणी बोललं नाही, मुद्दामच.

नाना (ए-301): मग सगळ्यांनी नीट ऐका. नोटीस आली की कपाटात टाकू नका. आकारणी वार्षिक भाडेमूल्यावर असते, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा होतात, राहतं ते करयोग्य मूल्य. त्यात तुमचं क्षेत्रफळ बरोबर आहे का ते पाहा. मागच्या वेळी बी विंगच्या दोघांची बाल्कनी दोनदा मोजली होती. हरकत मुदतीतच द्यायची, लेखी, आणि सुनावणीला स्वतः जायचं. नंतर ओरडून उपयोग नाही. थकवलं तर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, वर्षाचे 24 झाले.

सेक्रेटरी (ए-102): धन्यवाद नाना. हा मेसेज पिन करतो. माई, आता मुख्य. पऱ्याचा, आपल्या मागच्या ओढ्याचा विषय.

माई (बी-201): विषय क्रमांक 16. अजेंड्याचा फोटो काढलाय पण हलला, म्हणून लिहून देते. ‘मान्सूनपूर्व पऱ्या साफसफाई व गाळ काढणे, शाळेजवळील मोरी ते खालच्या वाडीकडील साकव, लांबी 310 मीटर, प्राप्त निविदांपैकी न्यूनतम दरास मान्यता देणे.’ किती वेळ लागला सांगू? एक नगरसेवक खोकला, त्याचा खोकला थांबायच्या आत मंजूर.

वहिनी (ए-203): वा! म्हणजे झालं काम. मागच्या जुलैत मीटर रूमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं.

माई (बी-201): वहिनी, पुन्हा वाचा. साकवापर्यंत. त्या छोट्या पुलापर्यंतच.

ए-304: साकव आपल्या गेटच्या वरच्या बाजूला आहे ना? म्हणजे आपल्या मागचा भाग येतच नाही?

माई (बी-201): नाही येत.

मुंबईकर (बी-101): हे म्हणजे अतिच झालं. घरपट्टी भरतो ना आम्ही? माझ्या खालच्या बंद फ्लॅटमध्ये चिखल गेला होता. पाच पत्रं दिली सोसायटीने. एकाचं उत्तर नाही. हा ठरावच स्थगित करायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.

नाना (ए-301): कलम 308. जिल्हाधिकारी ठराव तहकूब करू शकतात. पण त्याने काय होईल? वरचे 310 मीटरही साफ होणार नाहीत. वरचा सगळा कचरा आपल्याकडे. मिरगाचा पाऊस काही जिल्हाधिकाऱ्यांची वाट बघत नाही.

सेक्रेटरी (ए-102): माई, अभियंत्यांशी बोललात का?

माई (बी-201): बोलले. चहाच्या वेळी. भला माणूस आहे, वयाने माझ्या मुलाएवढा. नकाशा टेबलावर पसरला, निळी रेघ दाखवली पऱ्याची. साकवापर्यंत रेघ भरीव आणि पुढे तुटक तुटक. म्हटलं, हे तुटक काय? म्हणाला, मावशी, हा तुमचा स्लॅब.

माई (बी-201): पार्किंगचा.

ए-304: ???

माई (बी-201): म्हणाला, साकवाच्या पुढे पऱ्या उघडा नाही. तुमच्या गाड्या उभ्या राहतात त्याच्या खालून जातो. जेसीबी जाणार कुठून? वरून झाकणं आहेत तीन, पण ती उघडायला दिली तर. आणि जागा सोसायटीच्या ताब्यात, त्यात नगरपरिषदेचा पैसा टाकता येत नाही, लेखापरीक्षणात अडकतो. ‘तुमच्या पाचही पत्रांवर मी हेच लिहिलंय, पण उत्तर जावकला पडून असेल.’ ते त्यांचं चुकलंच, मी तसं सांगितलं त्याला.

सेक्रेटरी (ए-102): हा विषय ग्रुपवर नको. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये घेऊ.

बी-302 (कुडाळवाले): आमी भाडेकरू, आमका मीटिंगीत कोण बोलवता? हयच बोला. पाणी खयसून येता ता सगळ्यांका म्हायती, खय आडता ता कोणी बघूक नाय.

वहिनी (ए-203): स्लॅब घातला कोणी पण? आम्ही राहायला आलो तेव्हा होताच.

मुंबईकर (बी-101): बिल्डरने असणार.

माई (बी-201): नाही. घरी येऊन सोसायटीचं जुनं ठरावबुक काढलं, माझ्याकडेच असतं कपाटात. 2013 ची वार्षिक सभा, गच्चीवर झाली होती, पानावर भज्याच्या तेलाचा डाग अजून आहे. ‘दुचाकी व चारचाकी वाहनांची गैरसोय लक्षात घेता मागील पऱ्यावर आरसीसी स्लॅब टाकून जागा वापरात आणणे.’ सर्वानुमते मंजूर. सूचक नाना. अनुमोदक मी.

(नाना काहीतरी टाइप करत आहेत, असं बराच वेळ दिसत होतं.)

नाना (ए-301): खरं आहे. त्या दिवशी दहा मिनिटांत झाला होता ठराव. नंतर अर्धा तास गेटला कुठला रंग द्यायचा यावर भांडलो होतो, तेही आठवतं.

नाना (ए-301): मी तेव्हा नगरपरिषदेतच होतो, परवानगीसाठी कागद टाकतो म्हणालो होतो. टाकला नाही.

ए-304: नाना, असू दे हो.

नाना (ए-301): असू दे कसं? पाचपैकी तीन पत्रं मीच लिहिली. ‘आपल्या अक्षम्य दुर्लक्षामुळे’ असा शब्द आहे त्यात.

सेक्रेटरी (ए-102): ठीक आहे, निघालंच आहे तर इथेच ठरवू. स्लॅब तोडायचा म्हणजे खर्च, अकरा गाड्या रस्त्यावर, आणि मिरगाआधी ते होणार नाही. ते सर्वसाधारण सभेपुढे नेऊ, इंजिनिअर बोलावून. आत्ता काय करता येईल?

माई (बी-201): तेच विचारून आलेय. ठेकेदाराची माणसं साकवापाशी येतील तेव्हा आपली तिन्ही झाकणं उघडी पाहिजेत. खालचा गाळ आपण आपल्या खर्चाने काढायचा, ठेकेदार वेगळे पैसे घेऊन करील, पण वाहून न्यायला त्यांचा डंपर तिथेच उभा असेल, तेवढी सोय होते. वरून एका झाकणातून पाण्याचा फवारा मारून खाली ढकलायचं. माणूस आत उतरवायचा नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. बंद जागेत वायू असतो. कितीही सांगितलं कोणी, तरी नाही.

नाना (ए-301): पत्र मी लिहितो. नवं. ‘आमच्या ताब्यातील भागाची झाकणे आम्ही उघडून देतो, आपल्या कामाची तारीख कळवावी.’ उद्या स्वतः आवकमध्ये देतो आणि पोचवर शिक्का, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलत नाही.

वहिनी (ए-203): नाना, ‘अक्षम्य’ नको हं यावेळी.

नाना (ए-301): नाही.

ए-304: मी आत्ता खाली जाऊन बघून आलो. पहिलं झाकण जिन्यापाशी, गंजलंय पण हलतं. तिसरं कंपाउंडच्या भिंतीलगत, त्यावर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवलीय. मधलं सापडत नाही.

माई (बी-201): कुंडी माझी. उचलते.

बी-302 (कुडाळवाले): मधला ढाकण पांढऱ्या गाडीखाली असा. कव्हर घातलेली हा ती.

सेक्रेटरी (ए-102): बी-101, ती तुमची ना?

मुंबईकर (बी-101): हो. गणपतीत आलो होतो तेव्हा लावली. आता शिमग्यालाही यायला जमलं नाही.

मुंबईकर (बी-101): चावी मीटर रूममध्ये, फ्यूजच्या पेटीवर आहे. पण बॅटरी उतरली असणार. ढकलावी लागेल. हँडब्रेक जाम झाला असेल तर मागून लाकडाने हलकं ठोका, सुटतो.

ए-304: चार माणसं लागतील. शनिवारी?

सेक्रेटरी (ए-102): शनिवारी सकाळी साडेसहा. सात वीसला पाणी, त्याच्या आत उरकायचं. नाना, तुम्ही ढकलायला येऊ नका, कंबरेचं बघा.

नाना (ए-301): येतो. सूचना द्यायला तरी येतो.

माई (बी-201): मग अनुमोदनाला मीही येते. चहा कोण आणतंय?