बालपणीच्या अत्याचारांवरचे आत्मकथन अर्धवट ठेवले आहे. पुढे कसे वाचावे?

संथवाचक:

माझ्या एका जवळच्या मैत्रिणीने दोन महिन्यांपूर्वी मला एक आत्मकथन वाचायला दिले. लेखिकेवर लहानपणी घरातल्याच माणसाकडून अनेक वर्षे अत्याचार होत राहिले आणि त्यातून ती कशी बाहेर पडली, हे त्यात आहे. पुस्तक हातात देताना मैत्रीण एवढेच म्हणाली, “वाचून झाले की सांग, मग बोलू.” स्वतःच्या बालपणाविषयी ती आजवर कधी मोकळेपणाने बोललेली नाही. तिने नेमके हेच पुस्तक का दिले असावे, याचा अंदाज मला आला, पण मी काही विचारले नाही.

चौथ्या प्रकरणात मी थांबलो. जिन्यावर पावले कशी वाजतात, यावरून आजची रात्र कशी जाणार हे सात वर्षांच्या मुलीला अचूक ओळखता येत असे, असे तिथे लेखिकेने लिहिले आहे. प्रत्यक्ष मारहाणीचे वर्णन त्या पानावर नव्हते, तरीही मला पुढे वाचवेना. त्याहून जास्त छळते ती दुसरी गोष्ट. पुस्तक मिटल्यावरही पुढे काय झाले असेल याची उत्सुकता मनात राहिलीच, आणि एखाद्या मुलीच्या यातनांबद्दल आपल्याला उत्सुकता वाटावी याची मला लाज वाटली. आपण कोणाच्या तरी बंद खोलीत डोकावतो आहोत, असे वाटत राहते.

असे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे का? आणि वाचायचे असेल तर कशासाठी वाचायचे? ज्यांनी अशी पुस्तके वाचली आहेत, त्यांनी कृपया मनापासून लिहावे.

उंबरठा:

मी स्वतः अशा बालपणातून आलेली आहे आणि अशी बरीच पुस्तके वाचलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या उत्सुकतेची लाज वाटून घेऊ नका, पण ती कशाची उत्सुकता आहे हे मात्र तपासून पाहा. अशा पुस्तकांचा बाजारही झालेला आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या पुस्तकविक्रेत्यांनी २००० नंतरच्या दशकात ‘वेदनामय आयुष्ये’ अशा अर्थाच्या पाट्या लावून त्यांच्यासाठी वेगळी फडताळे केली होती, आणि मुखपृष्ठांवर बहुधा पाठमोरे किंवा मोठ्या डोळ्यांचे मूल असे. माझ्याकडच्या अशा एका पुस्तकाला मी साधे कोरे कव्हर घातले आहे, कारण त्या चित्रातली मुलगी माझ्याकडे दया मागत असल्यासारखी पाहते आणि आतल्या पानांतली मुलगी तशी मुळीच नाही. आत ती सतत हिशेब करत असते. कोणत्या दाराची कडी आवाज न करता लागते, पाहुणे किती वाजेपर्यंत थांबतील, धाकट्या भावाला कोणत्या खोलीत झोपवले तर तो सुरक्षित राहील. तुम्ही ज्या जिन्याच्या पानावर थांबलात, ते पान दुःखाचे आहेच, पण ते त्या मुलीच्या बुद्धीचेही आहे. मला अशा पानांवर पहिल्यांदा वाटले होते की, मी वेडी नव्हते, मी पहारा देत होते.

दुसरे म्हणजे, अत्याचाराचे प्रसंग हा या पुस्तकांचा गाभा असतो, असे मला वाटत नाही. गाभा असतो तो आजूबाजूच्या मोठ्या माणसांचा. ज्यांनी पाहिले आणि दुसरीकडे वळले, ज्यांनी “तू इतकी गप्प का असतेस” असे विचारले पण उत्तरासाठी थांबले नाहीत, त्यांचा. व्हानेसा स्प्रिंगोरा या फ्रेंच लेखिकेचे ‘संमती’ या अर्थाच्या शीर्षकाचे आत्मकथन जानेवारी २०२० मध्ये आले. ती चौदा वर्षांची असताना जवळजवळ पन्नाशीच्या एका नामवंत लेखकाने तिला जाळ्यात ओढले होते. ते पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो तो त्या एका माणसापेक्षाही, सगळे उघड दिसत असताना त्याचे कौतुक करत राहिलेल्या साहित्यविश्वामुळे. तो अशा संबंधांविषयी स्वतःच्या पुस्तकांतून राजरोस लिहीत होता आणि ती पुस्तके छापली जात होती. या आत्मकथनाने आणि पुढच्या वर्षी आलेल्या आणखी एका पुस्तकाने फ्रान्समध्ये मोठी खळबळ उडाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये तिथे कायदा बदलून संमतीच्या वयाची किमान मर्यादा १५ वर्षे करण्यात आली. कुटुंबातल्या व्यक्तीकडून होणाऱ्या अत्याचारांसाठी ती १८ आहे.

म्हणून वाचताना तुमची नजर त्या बाजूच्या माणसांवर ठेवून पाहा. बंद खोलीत डोकावल्याची भावना मग उरत नाही, कारण त्या घरात आपण कुठे उभे राहिलो असतो, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.

तर्कशोधक:

एक शंका अगदी प्रामाणिकपणे मांडतो, कोणाला दुखावण्याचा हेतू नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कसे आठवतात? स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चोवीस जणांना, लहानपणी ते बाजारात हरवले होते अशी न घडलेली हकीकत घरच्यांच्या नावाने सांगितली, तेव्हा सुमारे पाव लोकांना ती थोडीफार किंवा पूर्णपणे आठवू लागली. गाजलेल्या काही आत्मकथनांतला मजकूर रचलेला निघाल्याचेही आपण पाहिले आहे. मग अशा लेखनावर कितपत विसंबायचे?

पाऊलवाट:

तर्कशोधक, शंका रास्त आहे, पण त्या प्रयोगातून जेवढे सिद्ध होते त्याहून जास्त आपण त्यातून काढू नये. सुचवलेली एखादी घटना आठवल्यासारखी वाटू शकते, एवढे त्यातून कळते. वर्षानुवर्षे रोज सोसलेली गोष्ट खोटी असते, असे नव्हे. संवाद पुन्हा रचलेले असतात हे या प्रकारच्या लेखनात वाचक आणि लेखक दोघांनाही ठाऊक असते. प्रश्न असा असतो की, लेखक आपल्या आठवणीच्या मर्यादा वाचकापुढे ठेवतो की लपवतो.

अमेरिकन लेखिका टारा वेस्टओव्हर यांचे २०१८ चे आत्मकथन या बाबतीत मला फार प्रामाणिक वाटते. भावंडांच्या आठवणी जिथे तिच्या आठवणीशी जुळत नाहीत, तिथे ती तळटिपा देते. एका भावाचा पाय भाजला तो प्रसंग घ्या. त्या वेळी तिथे नेमके कोण होते, यावर घरातल्यांचे एकमत नाही, आणि पुस्तकाच्या शेवटी ती त्यावर वेगळी टीप लिहिते. भाजल्याबद्दल मात्र कोणाचाही वाद नाही. धक्का बसलेल्या मनात वासाची, आवाजाची, हाताच्या पकडीची आठवण ठसते आणि तारीख-वार पुसट होतात, हे अनेकांच्या बाबतीत दिसते. एखादीला साल नीट सांगता आले नाही म्हणून घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई तिच्या आसपासच्या लोकांनी लहानपणीही केलेली असते.

शमी:

मी समुपदेशक म्हणून काम करते. मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: नाही, शेवटपर्यंत वाचण्याची सक्ती कोणावरही नाही. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या त्यांच्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. त्यात सुरक्षितता आधी येते आणि आठवणीकडे वळणे त्यानंतर. हे त्यांनी रुग्णांसाठी लिहिले आहे, पण वाचकालाही ते लागू पडते असा माझा अनुभव आहे. रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका. एका बैठकीत एकच प्रकरण वाचा. छातीत धडधड होऊ लागली, हात गार पडले किंवा आपण खोलीत नाहीच असे वाटू लागले, तर पुस्तक मिटून उठा आणि कोणाशी तरी चार साध्या गोष्टी बोला. ज्यांच्या स्वतःच्या बालपणात असे काही घडलेले आहे, त्यांनी शक्यतो उपचार करणाऱ्या व्यक्तीला सांगून मगच असे पुस्तक हाती घ्यावे. शेवटचे प्रकरण आधी वाचायलाही काही हरकत नाही. ती मुलगी मोठी होऊन हे लिहायला बसली, एवढे ठाऊक असले की मधली पाने झेपतात.

मात्र मैत्रिणीबद्दल मला वेगळे वाटते. तिने पुस्तक दिले आहे ते तुमची वाचनक्षमता पाहण्यासाठी नव्हे. अमेरिकन लेखिका माया अँजेलो यांच्या १९६९ च्या आत्मकथनातला भाग अनेकांना माहीत असेल. लहान वयात अत्याचार झाला, तिने ते भावाला सांगितले, पुढे त्या माणसाचा खून झाला आणि आपल्या बोलण्यानेच तो मेला असे वाटून ती मुलगी जवळजवळ पाच वर्षे इतरांशी बोललीच नाही. तिला पुन्हा बोलते केले ते एका सुसंस्कृत स्त्रीने, स्वतःकडची पुस्तके देऊन आणि ती मोठ्याने वाचायला सांगून. त्या स्त्रीने काय घडले ते खोदून विचारले नाही. तुमच्या मैत्रिणीने तुमच्या हाती दुसरीचे शब्द दिले आहेत, कारण स्वतःचे अजून तिच्या ओठांवर येत नसावेत. दोन महिने तुमच्याकडून काहीच आले नाही, तर त्या शांततेचा ती काय अर्थ लावत असेल, याचा विचार करा. पुस्तक संपण्याची वाट पाहू नका.

संथवाचक:

सर्वांचे मनापासून आभार. शमी, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला. पुस्तक पूर्ण झालेले नाही, जिन्याच्या पानावर अडलो आहे आणि त्याबद्दल इतके दिवस काही बोललो नाही याचे वाईट वाटते, असे सांगितले. तुझ्याबाबतीतही असे झाले का, हे मी विचारले नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्याकडे जिना नव्हता. फाटकाची कडी होती.” त्यानंतर तिने दुसराच विषय काढला आणि मीही तो बदलू दिला. रविवारी ती येणार आहे. पाचवे प्रकरण मी तोवर दिवसाउजेडी, थोडे थोडे वाचतो आहे. उंबरठा यांनी सांगितल्याप्रमाणे या खेपेस शेजारच्या घरातल्या बाईंकडे लक्ष ठेवले आहे. पहिल्या वाचनात त्या माझ्या ध्यानातही आल्या नव्हत्या, आणि आता पाहतो तर त्या पहिल्या प्रकरणापासून खिडकीत उभ्या आहेत.