मदत हवी आहे : पाहुण्यांची आणि आंबा-ग्राहकांची माहिती संकेतस्थळावर किती घ्यावी, किती काळ ठेवावी?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमचे निवास व न्याहारीचे घर आहे आणि एप्रिल-मेमध्ये आम्ही बागेतल्या हापूसच्या पेट्याही पुण्या-मुंबईला पाठवतो. दोन्ही कामांसाठी एकच संकेतस्थळ असून ते चिपळूणच्या एका ओळखीच्या मुलाने करून दिले आहे. खोली आरक्षित करताना त्यावर नाव, मोबाइल क्रमांक, सोबतच्या मुलांची वये आणि आधार कार्डाचा फोटो मागितला जातो. अलीकडे पुण्याच्या एका ताईंनी आरक्षण अर्ध्यावर सोडून फोन केला आणि विचारले, की हा फोटो नेमका कुठे साठतो, तो कोण पाहू शकते आणि आम्ही परत गेल्यावर तो पुसला जातो का. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

संकेतस्थळाच्या तळाशी गोपनीयता धोरण आहे खरे. परंतु त्यात कॅलिफोर्नियातील रहिवाशांचे हक्क सविस्तर सांगितले आहेत आणि आधार कार्डाचा साधा उल्लेखही नाही. ते कोणी वाचत नाही, असे त्या मुलाचे म्हणणे. (पुणेकरांना तो अजून ओळखत नसावा.)

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आमच्यासारख्या लहान घरालाही लागू होतो का? पाहुण्यांची ओळख पाहून आम्ही रजिस्टरमध्ये नोंद करतोच, मग फोटो वेगळा साठवण्याची गरज उरते का? शिवाय ज्यांनी केवळ आंबा मागवला, त्यांच्या क्रमांकांवर पावसाळ्यातील खोल्यांच्या सवलतीचा संदेश पाठवावा, असे घरच्यांचे मत आहे. ते योग्य ठरेल का? धोरण मराठीतच लिहावे अशी माझी इच्छा आहे.

प्रतिसाद

कायदा लागू होतो. तो व्यवसायाचा आकार पाहत नाही. माहिती डिजिटल स्वरूपात घेतली की पुरे. कागदी रजिस्टर संगणकावर चढत नाही तोवर त्याच्या कक्षेबाहेर राहते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणजे वेळ आहे. सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे; ती वाचून घाबरू नका, कारण दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहिले जाते.

धोरण लिहिण्याआधी माहिती घेणेच कमी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधारचा फोटो मागवणारा रकाना काढून टाका. पाहुणे दारात आल्यावर ओळखपत्र पाहून रजिस्टरमध्ये नोंद करता येते, आणि एखाद्या वेळी प्रत घ्यावीच लागली तर मास्क्ड आधार मागावे, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. मुलांची वये कशाला हवीत? जादा गादीसाठी मुले किती एवढे कळले तरी भागते, आणि अठरा वर्षांखालील प्रत्येकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याचा प्रश्नही बराचसा मिटतो.

आंब्याच्या ग्राहकांबाबत मात्र घरच्यांना समजवावेच लागेल. त्यांनी क्रमांक दिला तो पेटी घरी पोचावी म्हणून. त्याच क्रमांकावर खोल्यांची जाहिरात करणे हा निराळा हेतू झाला आणि त्यासाठी निराळी संमती लागते. मागणीच्या अर्जात ‘निवासाच्या सवलती कळवाव्यात’ असा वेगळा चौकोन द्या, तो आधीपासून टिक केलेला नसावा, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे ठेवा. जुन्या यादीला संदेश पाठवू नका.

त्या मुलाला आणखी एक विचारा : पानावर गूगलचा नकाशा किंवा फेसबुकचा पिक्सेल (पान कोण उघडते ते फेसबुकला कळवणारा छोटा कोड) बसवला आहे का? तसे असेल, तर अर्ज न भरता नुसते पान उघडणाऱ्याचाही आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा क्रमांक) त्या कंपन्यांकडे जातो. पिक्सेल काढावा, नकाशाऐवजी साधा दुवा पुरतो.

धोरण मराठीत जरूर लिहा. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील (मराठीही त्यात आहे) कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे कायदाच सांगतो. कोणती माहिती, कशासाठी, संमती मागे कशी घ्यावी, तक्रार तुमच्याकडे आणि पुढे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे कशी करावी, एवढे साध्या वाक्यांत आले पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. रकाना काढायला सांगितले आहे आणि ईमेलमध्ये साठलेले जुने फोटो आता पुसते. एकच शंका : ग्राहकांच्या पत्त्यांची यादी ट्रान्सपोर्टवाल्याला व्हॉट्सॲपवर जाते, तेही धोरणात लिहावे का?

प्रतिसाद

लिहावे. पत्ता दुसऱ्याला दिला तरी कायद्याने जबाबदारी तुमचीच राहते, म्हणून त्याच्याशी लेखी करार करा, त्या दिवशी निघणाऱ्या पेट्यांपुरतेच पत्ते द्या आणि पेट्या पोचल्यावर यादी पुसण्याची अट त्या करारातच घाला. ईमेल पुसताना कचरापेटी आणि त्या मुलाकडचा बॅकअपही तपासा.