उत्तर: साल्सा महोत्सव, शनिवार-रविवार, कमी खर्चात

गोव्यातल्या साल्सा नाचाच्या महोत्सवाला शनिवार-रविवार जाऊन येणं पाच हजारांत जमेल का, असं विचारलंत आणि सगळ्यांनी रिसॉर्टचे दर सांगून घाबरवलं. जमतं हो! मी म्हापशाची. मुंबईहून कोकणकन्येचं स्लीपर काढा, पण मडगावला नको, थिवीला उतरा. उत्तरेकडचे किनारे तिथून जवळ. म्हापशापर्यंत बस, पुढे कळंगुटलाही बसच. पोटाला सकाळी पाव-भाजी, दुपारी शीतकडी, म्हणजे आमचा भात आणि कालवण.

खोली मात्र कार्यक्रमाच्या जागेपासून चालत जाण्याइतकी जवळ घ्या, दोघीतिघींत वाटून. रात्री बस मिळत नाही, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवालेही दुर्मीळ, आणि खरा नाच तर मध्यरात्रीनंतर रंगतो. बसमध्ये वाचवलेले पैसे एका टॅक्सीत जातात.

बुटांवर कंजूषी नको. पहिल्या वर्षी मी रबरी तळव्यांचे बूट घालून गेले. गिरकी घेताना पाऊल फरशीला चिकटलं, पीळ गुडघ्यात गेला, दुसरा दिवस खुर्चीवर. स्वेडचा, म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याचा तळवा हवा, आणि दारात वाळू झटकून मगच आत.

नवशिक्या आहात म्हणून लाजू नका. आठ मात्रांतल्या चौथ्या-आठव्याला थांबायचं, एवढं घरी पक्कं करून या. बाकीचं समोरचा सांभाळून घेतो.